अकरा नंबरचे नातेवाईक

परवा भाचीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "आत्या, हे बघ. काय वाटतं?"

फोटोत एक खोली होती. पिवळट वॉलपेपर, पिवळट गालिचा, छतात रांगेने ट्यूबलाइट. भिंती मध्येच सुरू होतात, मध्येच संपतात. एका खोलीतून दुसरी दिसते, दुसरीतून तिसरी. खिडकी नाही, सामान नाही, माणूस तर नाहीच.

"याला लिमिनल स्पेस म्हणतात," ती म्हणाली. "बघितल्यावर ओळखीचं वाटतं, पण कुठलं ते आठवत नाही. आणि पोटात कसंतरी होतं."

भाचीची बारावी झाली आहे, सीईटी देऊन झाली आहे आणि निकाल यायचा आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती असले फोटो बघत असते. बंद झालेला मॉल, सुट्टीतली शाळा, पहाटेचं एसटी स्टँड, हॉटेलातला न संपणारा पॅसेज. या खोलीची हकिगतही तिनेच सांगितली. मे २०१९ मध्ये कुणीतरी नाव न सांगता हा फोटो इंटरनेटवर टाकला. त्याखाली दुसऱ्या कुणी चार ओळींची भयकथा लिहिली, की वास्तवातून पाय निसटला तर माणूस या खोल्यांमध्ये येऊन पडतो आणि मग ओल्या गालिचाचा वास आणि ट्यूबलाइटची गुणगुण, बाकी काही नाही. पाच वर्षं लोक ही खोली शोधत होते. २०२४ मध्ये पत्ता लागला: अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातलं ऑशकॉश नावाचं गाव. तिथलं फर्निचरचं जुनं दुकान बंद होऊन त्या जागी नवं दुकान येणार होतं. २००२ मध्ये काम चालू असताना हा फोटो काढलेला. म्हणजे ती खोली जुन्या दुकानाची राहिली नव्हती आणि नव्याची अजून झाली नव्हती.

"यात भीती कशाची वाटते तुला?" मी विचारलं.

ती थोडा वेळ बघत राहिली. "कुणीच नाही ना. हाक मारली तर ओ द्यायला कुणीच नाही."

मी फोन तिला परत दिला. मला तसलीच ट्यूबलाइट आठवली होती.

आई १९ दिवस सोलापूरच्या एका हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात होती. जानेवारीचे दिवस होते. गावात सिद्धेश्वराची यात्रा भरलेली, संध्याकाळ झाली की गड्ड्यावरच्या, म्हणजे यात्रेच्या मैदानावरच्या, पाळण्यांचे भोंगे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचे. तिसऱ्या मजल्यावर आयसीयूच्या दारापुढे एक मोठा हॉल होता. तिथे आम्ही राहायचो. राहायचो असंच म्हणावं लागेल, कारण बसायचो म्हटलं तर ते पुरेसं नाही. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आणि प्रत्येकीला लोखंडी हात, म्हणजे आडवं होता येत नाही. म्हणून सगळे फरशीवर. सतरंज्या, चटया, सिमेंटच्या पोत्यांची जोडून शिवलेली तरटं. ट्यूबलाइट चोवीस तास चालू. पहाट झाली हे चहावाला पोरगा किटली घेऊन आला की कळायचं.

आयसीयूच्या दाराखाली फरशीत अॅल्युमिनियमची एक पट्टी बसवलेली होती. पट्टीच्या पलीकडची फरशी पांढरी, अलीकडची करडी. अलीकडे चपलांचा ढीग. पट्टीचा एक स्क्रू निघालेला होता, त्यामुळे तिचं एक टोक दोरा जाईल इतकं वर आलं होतं. ट्रॉलीचं चाक त्यावरून गेलं की टक् आवाज व्हायचा. पुढचं चाक टक्, मागचं चाक टक्. पहिल्या टक् ला झोपलेली माणसंसुद्धा उठून बसायची. दुसऱ्या टक् पर्यंत ट्रॉली बाहेर आलेली असायची आणि चादर कुठपर्यंत ओढली आहे ते दिसायचं. मी ती पट्टी इतके दिवस बघितली की आजही तिचं चित्र काढून दाखवू शकेन.

तिथे कुणाला नाव नव्हतं. दार अर्धं उघडून सिस्टर हाक मारायच्या, "अकरा नंबरचे नातेवाईक!" की मी उठायची. औषधाची चिठ्ठी असायची, नाहीतर सही. दोन दिवसांत आम्हीही एकमेकांना तसंच म्हणायला लागलो. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ते चार नंबर. ऊसतोडीला आलेलं बीडकडचं एक जोडपं, ते सात नंबर. चार नंबर रात्री सात नंबरच्या चटईवर पाय मुडपून झोपायचे, कारण त्या कोपऱ्यात वारा कमी. त्यांचा ड्रायव्हर रोज चौकशी करून जायचा, "साहेब, गाडीत झोपता का?" ते नको म्हणायचे. दारापासून लांब जायला कुणाचंच मन घेत नव्हतं.

नऊ नंबर म्हणजे मंगळवेढ्याकडची एक मावशी. "आमच्या चोखोबाचं गाव ते," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिचा मुलगा मोटारसायकलवरून पडला होता, डोक्याला मार होता. तिसऱ्या रात्री मी भिंतीला टेकून बसले होते. तिने फडकं सोडलं. आत मालदांडी ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. भाकरी मोडताना पापड मोडल्यासारखा आवाज झाला.

"खाऊन घ्या की ताई. तुमी उपाशी राहून आत माणूस बरं व्हतंय व्हय?"

मी खाल्ली. त्या तीन दिवसांत पोटात गेलेलं पहिलं अन्न ते. मग रोज रात्री आम्ही पाच-सहा जण गोल करून जेवायचो. कुणाची कोण माणसं, कुठली जात, घरी किती एकर, कुणी विचारलं नाही.

लिमिनल हा शब्द मला त्या वेळी माहीत नव्हता. आई गेल्यावर वर्षभराने एका लेखात तो भेटला आणि मी त्याच्या मागे लागले. लॅटिन भाषेत 'लिमेन' म्हणजे उंबरठा. आर्नोल्ड व्हॅन गेनेप नावाच्या फ्रान्समधल्या अभ्यासकाने १९०९ साली तो शब्द शास्त्रात आणला. जगभरचे संस्कार त्याने तपासले, जन्माचे, वयात येण्याचे, लग्नाचे, मरणाचे. त्याला सगळीकडे तीच तीन पावलं दिसली: आधी माणसाला जुन्या जागेवरून उचलायचं, मग काही काळ मध्ये ठेवायचं, मग नव्या जागी बसवायचं. मधल्या पावलाला त्याने उंबरठ्याचं नाव दिलं.

तो विचार पुढे नेला व्हिक्टर टर्नर या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने. १९५०च्या दशकात तो आणि त्याची बायको एडिथ आजच्या झांबियात एन्डेम्बू लोकांमध्ये राहिले होते. १९६३ मध्ये टर्नर कुटुंबाने मँचेस्टरचं घर विकलं, अमेरिकेत नोकरी ठरली होती, पण व्हिसा अडकला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर हेस्टिंग्ज गावात व्हिसाची वाट बघत असताना तिथल्या सार्वजनिक वाचनालयात टर्नरच्या हाती व्हॅन गेनेपचं पुस्तक आलं. घर मागे सुटलेलं, पुढचा देश दार उघडेना, समोर समुद्र. अशा वेळी त्याने ते वाचलं. पुढच्या वर्षी त्याने याच मधल्या अवस्थेवर अमेरिकेत निबंध वाचला आणि तिथून हा शब्द सगळीकडे गेला. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. त्याला त्या शब्दाची गरज होती.

टर्नर लिहितो, की एन्डेम्बू लोकांत नव्या प्रमुखाला गादीवर बसवण्याच्या आदल्या रात्री पानांच्या एका लहानशा झोपडीत नेऊन ठेवतात. त्या झोपडीचं नाव 'मरणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं. त्याच्या आणि बायकोच्या अंगावर एकसारखी फाटकी धडुती. दोघांनाही एकच नाव, आणि वयात येणाऱ्या मुलांच्या संस्कारातही प्रत्येक मुलाला तेच नाव. हुद्दा नाही, नातं नाही, मालकीचं काही नाही. आणि अशा अवस्थेत एकत्र आलेल्या माणसांमध्ये एक वेगळीच बरोबरी तयार होते, जिला टर्नरने 'कम्युनिटास' म्हटलं. ते वाचताना मला सात नंबरच्या चटईवर मुडपून झोपलेले चार नंबर दिसले.

पण एक गोष्ट आमच्या हॉलमध्ये नव्हती. त्या झोपडीत रात्रभर कुणीतरी प्रमुखाजवळ असतं, त्याला काय करायचं ते सांगतं. मध्ये किती वेळ राहायचं ते आधीच ठरलेलं असतं.

आपल्याकडे हे सगळं घराच्या दारातच शिकवलं जायचं. आई म्हणायची, उंबऱ्यावर बसू नये, उंबऱ्यावर शिंकू नये. शेजारची काकू विरजण मागायला आली तर आई वाटी उंबऱ्यावरून द्यायची नाही, म्हणायची, "तू आत ये, नाहीतर मी बाहेर येते." तिन्हीसांजेला झोपू नये, केर काढू नये. दिवस नाही आणि रात्र नाही, आत नाही आणि बाहेर नाही, अशा फटीतूनच नरसिंह आला होता हे आम्ही लहानपणी ऐकलेलं. आई घाबरट नव्हती. ती जागा जपून वापरायची असते एवढंच तिला ठाऊक होतं.

आणि अंतरपाट. माझ्या लग्नात दुसरे गुरुजी वेळेवर पोचले नाहीत, म्हणून अंतरपाटाचं एक टोक माझ्या काकांनी धरलं. पांढरं सुती कापड, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. मांडवातल्या लोकांना अंतरपाट बाजूने दिसतो. नवरीला तो समोरून, नाकापासून वीतभर अंतरावर दिसतो. मला त्याचे उभे-आडवे धागे दिसत होते. एके ठिकाणी सुताची गाठ होती. कापडाच्या खाली पलीकडची दोन पावलं. मंगलाष्टका हौसेने म्हणणारे पाच-सहा जण होते, एक संपलं की दुसरं सुरू, आणि काकांचा हात थरथरायला लागला. त्यांनी हात बदलला नाही, खाली घेतला नाही. माझ्या मागे मामा उभा होता, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. सगळे मुठीत अक्षता घेऊन थांबलेले. तेवढी सात-आठ मिनिटं मी कुणाचीच नव्हते, माहेरची नाही आणि सासरची नाही, आणि मला जराही भीती वाटली नाही. 'तदेव लग्नं' सुरू झालं तेव्हा काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. आता सोडतो, असं.

उंबऱ्यावर माणूस काही काळ थांबतो हे सगळ्यांना कळतं. पण त्याच्यासाठी कापड कुणीतरी धरायला लागतं.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे ट्रॉली बाहेर आली. टक्. टक्. नऊ नंबर मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी खाली गाडीत बसेपर्यंत तो काढला नाही.

घरी आल्यापासून मात्र मला काहीच ठरवावं लागलं नाही. आई जिथे झोपायची तिथे दिवा लागला, वात दक्षिणेकडे. देवघर बंद. शेजारच्यांनी पिठलं-भात आणला. कोण येईल, काय बोलेल, कधी उठेल, सगळं ठरलेलं. जाताना "येते" म्हणायचं नाही, हेही माणसं न सांगता पाळत होती. मी देवाधर्माची फारशी नाही. तरी खरं सांगते, सुतकाचे ते दहा दिवस हॉस्पिटलातल्या १९ दिवसांपेक्षा सोसायला सोपे गेले. दु:ख तर वाढलेलंच होतं. पण मला रोज सकाळी कळत होतं की आज कितवा दिवस आहे.

दहाव्याला आम्ही पंढरपूरला गेलो. माघी एकादशी होऊन गेली होती, चंद्रभागेच्या वाळवंटात फाटलेल्या पताका अजून पडलेल्या. भावाने पिंड ठेवले. कावळा पटकन शिवला. आईला कुणाला ताटकळत ठेवणं कधीच आवडायचं नाही.

मग महाद्वारापर्यंत गेलो. सुतकात देवळात जायचं नसतं, म्हणून बाहेरून कळसाला हात जोडले. समोर नामदेवांची पायरी. येणारे-जाणारे तिच्यावर पाय न देता वरून ओलांडत होते. आणि पायरीसमोर चोखोबांची समाधी.

तिथे मला उभं राहवेना. मी काही दिवसांसाठी दाराबाहेर होते. तेराव्या दिवसानंतर मला आत जाता येणार होतं, आणि तोपर्यंत गाव मला सांभाळत होतं. चोखोबांना जन्मभर दाराबाहेर ठेवलं ते त्याच गावाने, त्याच शिस्तीने. मंगळवेढ्याचं गावकूस बांधायला त्यांना नेलं आणि १३३८ मध्ये ती भिंत अंगावर कोसळून ते गेले. ज्या कुसाच्या आत त्यांना घर बांधता येत नव्हतं, त्याच कुसाखाली. नामदेवांनी अस्थी आणून इथे समाधी बांधली असं परंपरा सांगते. देऊळ त्यांच्या लोकांसाठी उघडलं १९४७ मध्ये, साने गुरुजी मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले तेव्हा. ६०९ वर्षं.

तेव्हापासून मला आपल्या उंबऱ्याविषयी भाबडेपणाने बोलता येत नाही. ज्या हातांनी नवरीपुढे अंतरपाट धरला आणि वेळ झाल्यावर सोडला, त्याच हातांनी काहींच्या पुढचा पडदा कधी सोडलाच नाही. विधवेला हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसवलं ते एका दिवसासाठी नव्हतं. वेशीबाहेरची वस्ती पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर राहिली. मधली अवस्था ही काही काळाची असेल तरच ती सोसायची गोष्ट आहे. मुंबईत मोडकळीला आलेल्या इमारतींतल्या लोकांना ज्या जागेत तात्पुरतं हलवतात तिला सरकारी मराठीत संक्रमण शिबिर म्हणतात. तिथे कित्येकांची अख्खी तरुणपणं गेली, मुलांची लग्नं झाली. संक्रमण हा इतका सुंदर शब्द, सूर्याचा, संक्रांतीचा, आणि त्याचं असं झालं.

वारीबद्दलही हेच. टर्नरने पुढे तीर्थयात्रांवर लिहिलं तेव्हा पंढरीच्या वारीची दखल घेतली, आणि त्यासाठी आपल्या इरावती कर्वे यांच्या लेखनाचा आधार घेतला. इरावतीबाई स्वतः पालखीबरोबर चालल्या होत्या. दिवसभर एकत्र अभंग म्हणणाऱ्या दिंडीतली माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसायची, हे त्यांना फार लागलं, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. वाट सगळ्यांना सारखं करते हे खरं, पण भाकरीपाशी येऊन थांबते.

म्हणून मला त्या हॉलमधला रात्रीचा गोल पुन्हा पुन्हा आठवतो. तिथे ना गुरुजी होते, ना ठरलेले दिवस, ना कुणी सांगणारं की आता पुढे काय. भाचीच्या फोटोतल्यासारखीच खोली, तोच उजेड. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी तसली रिकामी स्टेशनं, तसले रस्ते पाहिले आणि तेव्हा ती भीती घराघरात शिरली. आमच्या हॉलमध्ये फरक एवढाच होता, की एका बाईने फडकं सोडलं आणि भाकरी मोडली. तिला कुणी ते काम नेमून दिलेलं नव्हतं.

भाचीला मी यातलं थोडंच सांगितलं. आजीच्या हॉस्पिटलबद्दल तिला फार कळू दिलं नव्हतं, ती तेव्हा लहान होती. ऐकून ती म्हणाली, "मग त्यांचं काय झालं? नऊ नंबरचं?"

आईच्या तेराव्याला, दुपारी पंगत उठल्यावर, माझा फोन वाजला होता. नंबर मी हॉलमध्येच घेतलेला, 'नऊ नंबर मंगळवेढा' असा. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"अकरा नंबर का?"

"हो मावशी."

"पोरगं चालायलंय बघा. काठी घिऊन, पर चालायलंय." मग जरा थांबून, "तुमचं दिस झालं का सगळं?"

"आज झालं."

"मग आता गोड खावा. हुरडा आलाय. यष्टीत ठिवून देते, स्टँडवर घ्यायला या."

संध्याकाळी भाऊ आणि मी स्टँडवर गेलो. कंडक्टरने सीटखालून पिशवी काढून दिली. वर वहीचं पान सुतळीने बांधलेलं, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: अकरा नंबर, सोलापूर.